साळ्याने विचारायचं नसतं

भाऊजी, आज सकाळी सात वाजता माझ्या फोनवर सूचना आली. 'दिवाकर यांची हालचाल बऱ्याच दिवसांपासून खूप कमी आहे. त्यांनी कोणालाही फोन केलेला नाही. कृपया त्यांच्याशी बोला.' तुमची तेरवी होऊन दोन दिवस झाले. ताई अजून तुमचा फोन रोज चार्जिंगला लावते, त्यामुळे त्या बिचाऱ्या ॲपला वाटतं की तुम्ही पुन्हा पांघरूण ओढून, भिंतीकडे तोंड करून पडलात. त्याचा काय दोष? चार वर्षं त्याने तुमची झोप मोजली, पावलं मोजली, फोन मोजले. मोजायचा माणूसच उठून गेला तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. संध्याकाळी डॉक्टरबाईंना विचारून तुमचं खातं बंद करणार आहे. तोवर ते बोला म्हणतंय, तर बोलून घेतो.

बोलायचं आहेच. तुमच्या अंगावर पांढरी चादर होती, घरात पंधरा-वीस माणसं होती, आणि मी, तुमचा सख्खा साळा, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "बरं झालं." लोकांनी वळून पाहिलं. तुमच्या मोठ्या भावाने, नारायणदादांनी, माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तेरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वरूडपासून मूर्तिजापूरपर्यंत अख्ख्या नात्यात झालं, जवाई मेला अन् साळा म्हणते बरं झालं. मी दुसरा काही खुलासा करू शकत नव्हतो, कारण खरा खुलासा करायचा तर जे आपण नऊ वर्षं झाकलं ते उघडं करावं लागलं असतं. तुमच्यापुढे मात्र मला तो करायचा आहे. बाकी कोणी काय समजायचं ते समजो, तुमचा गैरसमज झालेला मला परवडणार नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या होळीच्या आसपास तुम्ही स्वतःच्या जिवाचं जे करायला निघाला होतात, ते ताईच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून राहिलं. त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. ताईने मला सांगितलं, मी कोणाला सांगितलं नाही, नारायणदादांनाही नाही. तेव्हापासून अमरावतीहून ताईचा फोन आला की उचलण्याआधी माझा हात क्षणभर थांबायचा. साधं 'कैऱ्या पाठवून राहिली' म्हणायला तिने फोन केलेला असायचा, पण तिच्या पहिल्या शब्दापर्यंत मला भलतंच काही ऐकावं लागणार असं वाटत असायचं. असे नऊ वर्षांत किती फोन आले असतील, तुम्हीच विचार करा.

तुमच्या आजाराचं नाव बायपोलर आहे हे कळायला आपल्याला तोवर निम्मं आयुष्य लागलं होतं. त्याआधी कोणी म्हणायचं डोकं गरम आहे, कोणी म्हणायचं दिवाकरभाऊ लहरी माणूस. समजावून मला तुम्हीच सांगितलंत, बडनेरा रोडवरच्या तुमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, जळालेल्या मोटारीतून काळी पडलेली तार ओढून काढताना. "हे पाह्य साळेबुवा, लो व्होल्टेजनं बी मोटार जळते, अन् हाय व्होल्टेजनं बी जळते. लोकायले वाटते, हाय आलं त चांगलंच झालं, पानी जोरात फेकून राहिली. मले दोन्ही येते." इतकं सोपं मला कुठल्या डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं. आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगतो.

मग त्या नव्या डॉक्टरबाईंनी तुमच्या फोनात ते ॲप घालून दिलं. गोळ्या त्याच, लिथियम तेच, रक्ताची तपासणीही तीच. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका हा दमही तोच. फक्त दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काय चाललंय ते फोन बघत राहणार. किती झोपलात, किती चाललात, किती जणांना फोन केले, बोटं किती भराभर चालली. रोज सकाळी एक प्रश्न, आज मन कसं आहे? उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत, मधे शून्य. हिरवं, पिवळं, लाल. काही बिघडतंय असं वाटलं तर एका विश्वासातल्या माणसाला कळवायचं. ताईने साफ नकार दिला. म्हणाली, "मी त्यायच्या डोयात पाहते. मले फोनात पाहाचं कायले?" तुम्ही माझं नाव दिलंत.

मी फुशारून गेलो होतो हो. माझी नोकरी भूमापनाची. तीस वर्षं अकोला जिल्ह्यातल्या काळ्या मातीत लोकांचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, मोजत फिरलो. मोजलं की भांडण मिटतं, यावर माझा विश्वास. मला वाटलं, भाऊजींनी माझी पारख केली.

पहिल्याच वर्षी तुमचा रंग लाल झाला. झोप तीन तास, फोन साठ-सत्तर. आणि सकाळच्या प्रश्नाला तुमचं उत्तर मात्र शून्य. मी अकोल्यात हातात फोन घेऊन बसलो. आता विचारायचं कसं? आमच्या घरात जावयाला कोणी काही विचारत नाही. जावई आला की पाट द्यायचा, पाणी द्यायचं, त्याच्या आवडीचं करायचं, आणि तो निघाला की फाटकापर्यंत जायचं. साळ्याने जावयाला 'गोळी घेतली का' म्हणायचं म्हणजे त्याच्या अकलेवर बोट ठेवणं. तरी मी फोन केला. म्हणालो, भाऊजी, पाऊसपाणी कसं काय? तुम्ही म्हणालात, झकास. म्हणालो, लाइन असते का? म्हणालात, चोवीस तास. दहा मिनिटं आपण महावितरणवर बोललो, आणि मी माझं कर्तव्य झालं म्हणून फोन ठेवला.

पाचव्या दिवशी तुम्ही दुकानातल्या लोकांच्या मोटारी जीपमध्ये टाकून धारणीच्या बाजूला निघून गेलात. मेळघाटातल्या गावांना पाणी नाही, तर विहिरीविहिरीवर मोटार बसवून द्यायची, फुकट. इकडे ज्यांच्या मोटारी, ती माणसं दुकानापुढे उभी. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ, तोंडाला येईल ते बोलत होते. मी आणि ताई बस आणि जीप करत सहाव्या दिवशी तुमच्यापर्यंत पोहोचलो. घसा बसलेला, पाय सुजलेले, आणि चेहरा असा खुललेला की मी तुम्हाला लग्नातही इतकं खुश पाहिलं नव्हतं. ताईला पाहून तुम्ही म्हणालात, "पाह्य वं, पानी आलं." खरंच आलं होतं. नंतर हॉस्पिटलचे वीस दिवस, आणि त्यानंतरचे चार महिने, जेव्हा तुम्ही ताईच्या चहाला हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता.

त्यातून बाहेर आलात तेव्हा मी कबूल केलं, की लाल रंग मला आधीच दिसला होता, मी विचारायला लाजलो. तुम्ही हसलात. "म्हनूनच त तुले नेमलं होतं ना बे. साळा जवायाले इचारत नाई. डॉक्टरबाई पुण्याच्या, त्यायले हे काय मालूम?"

भाऊजी, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता की तुम्ही आजारी नसतात तर काहीतरी बोलून बसलो असतो. तीस वर्षं लोकांच्या बांधावर उभा राहून मी त्यांचे डाव ओळखले, आणि माझ्या घरच्या माणसाने मला असं सरळसरळ बनवलं. त्याच दिवशी ठरवलं, यापुढे विचारणार. जावई असो की कोणी असो.

आणि मग विचारत सुटलो, हेही खरं. नारायणदादांच्या मुलीचं लग्न आठवतं? एका दिवसात तुमचे शंभरच्या वर फोन, सकाळपासून पायपीट. ॲप लाल. मी ऑफिसातून अर्धी सुटी टाकून अमरावती गाठली, ताईला विचारलं कुठे आहेत, आणि धावत आत गेलो, तर तुम्ही सतरंजीवर पत्रिकांचा ढीग घेऊन बसलेले, एकेका पत्रिकेला हळद-कुंकू लावत, खांद्यात फोन धरून कोणा मावसमावशीला आग्रहाचं निमंत्रण देत. फोनवरच्या मावशीला थांबवून तुम्ही मला म्हणालात, "तुह्या त्या फोनाले सांग, पुतनीचं लगन आहे. निवतं देऊन राहिलो." ताई तोंडाला पदर लावून हसली. आपल्याकडे फोन करून, घरी जाऊन, पुन्हा फोन करून बोलावलं नाही तर माणूस लग्नाला येत नाही, हे त्या ॲपच्या गावीही नव्हतं. त्यानंतर तुम्ही त्यात 'आजचं कारण' लिहायची जागा शोधून काढलीत, आणि रोज सकाळी मला तिथून टोमणे यायला लागले. 'झोप सात तास. तुही बहीन घोरते, तिचं बी मोजा.' 'शून्य. शाळेत फुकट भेटे, आता त्याच्यासाठी मेहनत करा लागून राहिली.'

त्या दोन ओळींची मला इतकी सवय झाली होती, की चहाआधी मी त्या वाचायचो. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

सांगितलं नाही, कारण मधे ते धोंड्याचं जेवण झालं होतं. मागच्या अधिक महिन्यात तुम्ही दोघं अकोल्याला आलात. आई तेव्हा होती. तिने सकाळपासून बसून पुरणाचे धोंडे केले, तुमच्यासाठी चांदीचं ताट काढलं. ॲप चार दिवसांपासून पिवळं होतं, आणि ताईचा चेहराही मला नीट दिसत होता. तुम्ही पानावर बसलात, आईने पहिला धोंडा वाढला, आणि मी विचारलं, "भाऊजी, लिथियमची गोळी चालू आहे ना?" सगळ्यांसमोर. बाजूला घेऊन विचारता आलं असतं, पण माझी अडचण अशी की बाजूला घेतलं तर माझी जीभ पुन्हा पाऊसपाण्याकडे वळेल याची मला खात्री होती. तुम्ही ताटाला नमस्कार केलात आणि उठलात. "जवाई हो मी या घरचा. पेशंट नाई." आई रडायला लागली. जावई धोंड्याच्या पानावरून उठला, आणि उठवला कोणी, तर पोटच्या पोराने. मरेपर्यंत तिने मला ते ऐकवलं.

पण तुम्ही गोळी बंद केली होती. आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाऊन तुम्ही स्वतः डॉक्टरबाईंकडे गेलात, आणि त्या खेपेला ना धारणी झालं, ना हॉस्पिटल. ती लाट ओसरली. त्यानंतर एकदाही मोठी लाट आली नाही. हे ॲपचं श्रेय की गोळीचं, की ताईच्या डोळ्यांचं, की माझ्या उद्धटपणाचं, मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवायची गरजही उरली नाही. तुम्ही मला माफ केलंत की नाही, तेवढं मात्र कळलं नाही. दुकानात मला चहा पाजलात, सकाळी टोमणे मारलेत, माझ्या घरचं पाणी मात्र तीन वर्षं तोंडाला लावलं नाहीत. बायको दरवेळी म्हणायची, भाऊजी आले नाही. मी म्हणायचो, दुकान आहे त्यांचं. यंदाच्या पाडव्याला तुम्हीच फोनवर म्हणालात, "औंदा धोंडा आहे बे. पाहू, बलावते का कोनी." मी लगेच हो हो म्हणालो, पण त्या वेळच्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नाही. तुम्हीही काढला नाहीत. वाटलं, जेवताना निघेल. आता धोंड्याचा महिना जवळ आलाय, आणि माझ्याकडे बोलवायला जावई नाही. हे दुःख आहे, ते मी लपवत नाही.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला ताईचा फोन आला. माझा हात नेहमीसारखा थांबला. ती म्हणाली, "ते उठूनच नाई राहिले रे." तिला काही विचारायचं धाडस झालं नाही. गाडी काढली. मूर्तिजापूरला रस्त्याच्या कडेला थांबवली आणि फोन उघडला. सकाळचं तुमचं उत्तर शून्य. खाली ओळ, 'साडेसहा तास. वांगे आनाचे आहे.' मी ती चार वेळा वाचली. पण धारणीच्या आधीही तुम्ही शून्यच लिहिलं होतं, भाऊजी. मी माझ्या या ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवू शकलो नाही. तिथून अमरावतीपर्यंत मी फक्त एकच मागणं मागत होतो, आणि ते तुम्ही जिवंत असावं असं नव्हतं. तुम्ही गेलात हे मला ताईच्या आवाजावरून कळलं होतं. मी मागत होतो, त्यांनी स्वतः काही केलेलं नसो.

घरी पोहोचलो तर शेजारचे डॉक्टर म्हणाले, हार्ट. झोपेतच. ताईने सांगितलं, "दोन पोया खाल्ल्या, वरन पुन्यांदा मांगतलं, अन् पडले. चहाले उठवाले गेली त..." माझं समाधान झालं नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. फडताळात तुमची सात वारांची डबी होती, ताई दर रविवारी भरायची ती. तिच्या मागे पाकिटं. मी ओट्यावर सगळं मांडलं आणि मोजलं. सकाळची घेतलेली, रात्रीची जागेवर. पाकिटावरची तारीख, डबीतले वार, उरलेल्या गोळ्या, सगळं जुळलं. पुन्हा मोजलं. पुन्हा जुळलं. नोकरीत इतकी चोख मोजणी मला क्वचित मिळाली.

 डबी आणि पाकिटं फडताळात परत ठेवली. नऊ वर्षांची ती धास्ती संपली होती, आणि मी तसाच बाहेर आलो, तुमच्याकडे पाहिलं, आणि ते शब्द तोंडातून गेले. तुम्ही गेलात ते बरं झालं, असं नव्हतं हो ते. तुम्ही वरण मागून घेऊन, वांग्यांचा विचार करत, आपल्या मौतीनं गेलात. त्या आजाराने चाळीस वर्षं तुमच्यावर डोळा ठेवला आणि शेवटी त्याला तुम्ही मिळाला नाहीत. एवढं सगळं मला त्या दोन शब्दांत म्हणायचं होतं.

परवा तेरवीचं जेवण आटोपलं, माणसं पांगली. मांडवात नारायणदादा खुर्चीवर बसले होते. मी सतरंज्या गोळा करत होतो. त्यांनी मला हाक मारली. तेरा दिवसांनी पहिली. "आता लोकं गेले. आता सांग. काहून म्हटलं तू तसं?"

ताई दारात उभी होती. ती बाहेर आली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "त्याले नका इचारू, दादा. मले इचारा." आणि तिने सगळं सांगितलं, होळीपासूनचं. तिचा आवाज एकदाही हलला नाही. शेवटी म्हणाली, "नऊ वर्स मी रोज सकाळी आधी त्यायचा श्वास पाहे, मंग चूल पेटवे. ते आपल्या मौतीनं गेले. थो म्हने बरं झालं, त मले राग नाई आला. माह्या जिवाले बी थंडच वाटलं."

नारायणदादांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "होळीचं मले त्याच वर्षी मालूम झालं होतं, शोभा. तुमी सांगतलं नाई, म्या इचारलं नाई. मोठा भाऊ, इचारू कसा? त्या दिवशी मी आलो त आंधी डॉक्टरले कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, खरं सांगा. थो म्हने हार्ट. म्या त्याचे पाय धरले. अन् मंग हा बाहेर आला अन् म्हने बरं झालं. मले असा राग आला. म्हटलं, माह्या मनातलं ह्याले कसं समजलं?"

मग ते खुर्चीवरून उठले आणि माझ्या गळ्यात पडून रडले. ताईही रडली. तुम्ही गेल्यापासून तेरा दिवस आम्ही तिघं एकमेकांना तोंड चुकवत होतो, भाऊजी, त्या दुपारी पहिल्यांदा आम्हाला फक्त तुमचं दुःख झालं.